गुरुवारी साइट बंद राहील

वसंतरावांची वेबसाइट गुरुवारी बंद असते. पुण्या-चिंचवडकडच्या माणसाला यात नवल वाटू नये. आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते ती गुरुवारी, पाणी जातं तेही गुरुवारीच. वसंतरावांची सगळी हयात वीज मंडळात गेली. देखभाल म्हणजे गुरुवार, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलंय की निवृत्तीनंतर स्वतःची वेबसाइट काढली तेव्हा लेख केव्हा टाकायचे हे ठरायच्या आधी साइट बंद केव्हा ठेवायची ते ठरलं. गुरुवारी पत्ता टाकलात की पांढऱ्या पानावर मधोमध चौकट येते : ‘देखभाल व दुरुस्तीच्या कामास्तव सदर संकेतस्थळ सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत बंद राहील. ग्राहकांनी नोंद घेऊन सहकार्य करावे.’

ग्राहक म्हणजे मी.

तसे आणखीही असतील, पण गुरुवारी कुणी फोन करून तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. वहिनींचं म्हणणं असं, “गुरुवारी वीज नाही, पाणी नाही आणि ह्यांची साइट नाही. पहिल्या दोन्हींसाठी मी बुधवारी रात्री तयारी करून ठेवते.”

साइटचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही उघडाल, आणि उघडलीत तर वसंतरावांची आकडेवारी बिघडेल. आकडेवारीकडे पुढे येतोच.

२०११ साली भाच्याने त्यांना साइट चालवणारं वर्डप्रेस बसवून दिलं. नोकरीतल्या आठवणी, गाव, आई, असं सगळं लिहून काढायचा बेत होता. वर्डप्रेस बसवलं की ‘हॅलो वर्ल्ड’ नावाचा एक नमुन्याचा लेख आयता मिळतो. तो खोडून माणसाने आपलं लिहायला लागायचं, अशी अपेक्षा असते. वसंतरावांनी तो आजतागायत खोडलेला नाही. “टेस्टिंगला लागतो,” म्हणतात. त्यांचे स्वतःचे लेख आज अकरा आहेत. त्यातले चार ‘साइटचे नवे रूप कसे वाटले?’ या विषयावर, दोन ‘गेले काही दिवस साइट उघडत नव्हती, त्याबद्दल दिलगिरी’ या विषयावर, आणि उरलेले पाच मात्र खरोखरचे लेख आहेत. साइटला वरून जोडायचे पुर्जे, म्हणजे प्लगइन, एकोणचाळीस.

एवढे प्लगइन कशाला, असं नवख्या माणसाने विचारू नये. विचारलंच तर वसंतराव पूर्वरंगापासून सुरुवात करतात. “मूळ बी-टू नावाचा प्रोग्रॅम होता. त्याच्या कर्त्याचा पत्ता लागेना. प्रोग्रॅम पडून. २००३ साल. मॅट मुलनवेग, एकोणीस वर्षांचा पोरगा, अमेरिकेत. माइक लिटल इंग्लंडात. दोघांनी तो उचलला, दुरुस्त केला, त्याचं वर्डप्रेस झालं. आज जगातल्या दर दहा साइटींतल्या चार त्याच्यावर चालतात.” इथे ते थांबतात, चष्मा पुसतात. “आता मला सांगा, मॅटने तेव्हा दुरुस्ती सोडून लेख लिहीत बसायचं ठरवलं असतं तर?”

याला माझ्याकडे उत्तर नाही.

त्यांचा स्वतःचा पहिला कोडबदल तुकोबांच्या नावे आहे. वर्डप्रेसबरोबर ‘हॅलो डॉली’ नावाचा एक प्लगइन फुकट येतो. मुलनवेगनेच लिहिलेला. लुई आर्मस्ट्राँगच्या त्याच नावाच्या गाण्यातली एखादी ओळ मालकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात दाखवायची, यापलीकडे तो काहीही करत नाही. व्यवहारी माणसं पहिल्याच दिवशी तो काढून टाकतात. वसंतरावांनी तो उघडला, आतला कोड वाचला, आर्मस्ट्राँगच्या ओळी पुसल्या आणि तिथे गाथेतल्या ओळी घातल्या. काही वर्षं तुकोबा कोपऱ्यात सुखाने नांदले. मग एकदा अपडेटचं चिन्ह दिसलं, वसंतरावांनी बटण दाबलं, आणि तुकोबा वैकुंठाला जाऊन आर्मस्ट्राँग परत आले. दुसऱ्याच्या प्लगइनच्या मूळ फायलीत केलेला बदल पुढच्या अपडेटमध्ये पुसला जातो, हे ज्ञान जगातल्या सगळ्या हौशी मंडळींना याच रीतीने होतं. दुसरा कुणी असता तर तुकोबांना गाथेत राहू दिलं असतं. वसंतरावांनी तुकोबांसाठी स्वतंत्र प्लगइन लिहिला. तो एकोणचाळिसांत धरलेला आहे.

रात्री साडेदहाच्या सुमाराला फोन येतो.

“झोपलात का?”

“नाही, बोला.”

“जरा साइट उघडता? इन्कॉग्निटोमध्ये हं. नाहीतर तुम्हाला जुनंच दिसायचं.”

मी उघडतो.

“काय दिसतंय?”

“तुमचा आईवरचा लेख.”

“लेख सोडा हो. लेखाच्या वर, डावीकडे.”

“तारीख आहे.”

“तारखेच्या शेजारी?”

“घड्याळाचं छोटंसं चित्र आहे.”

“आलं?” पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज होतो. “अगं, आलं त्यांच्याकडे!” वहिनी काय म्हणाल्या ते ऐकू येत नाही. “बरं, घड्याळापुढे काय आहे?”

“वाचनकाल : ० मिनिटे.”

बराच वेळ कुणीच बोलत नाही.

“शून्य?”

“शून्य.”

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना फॉल्ट सापडला होता. लेख वाचायला किती वेळ लागेल हे दाखवणारा तो प्लगइन शब्द मोजतो, आणि मोजायला पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतलं जे तयार फंक्शन वापरतो त्याला रोमन अक्षरांपलीकडे शब्द म्हणून काही असतं हेच ठाऊक नाही. वसंतरावांचा आईवरचा बाराशे शब्दांचा लेख त्याच्या लेखी कोरा कागद होता. वसंतरावांनी ते फंक्शन काढून, दोन मोकळ्या जागांच्या मधला तो शब्द, अशी मोजणी बसवली. रात्री साडेदहाला सहा मिनिटं आली. इन्कॉग्निटो लागायचं कारण म्हणजे ब्राउझरने स्वतःजवळ जपून ठेवलेली पानाची जुनी प्रत. सर्व्हरवरही असाच एक प्रकार असतो, कॅश. पानाची तयार प्रत काढून ठेवायची आणि येईल त्याला तीच द्यायची, म्हणजे सर्व्हरवर भार येत नाही, अशी ती सोय. हजारो वाचक एकदम येतात तिथे ती लागतेच. वसंतरावांनी खबरदारी म्हणून कॅशचे दोन प्लगइन बसवले होते. केलेला बदल दिसायचा नाही, मग ते बदलात बदल करायचे, मग दोन दिवसांनी पहिला बदल दिसायचा.

आता सासरेबुवांचं प्रकरण. हे मी सविस्तर सांगणार आहे, कारण मराठीत साइट चालवणाऱ्या कुणावरही ही वेळ येऊ शकते. वसंतरावांनी एक लेख लिहिला, ‘सासरेबुवांनी दिलेला मार्मिक सल्ला’. लेख चांगला होता. वर्डप्रेस शीर्षकावरून लेखाचा पत्ता आपोआप बनवतं, शब्दांच्या मध्ये आडव्या रेघा टाकून. लिंक वहिनींच्या माहेरी गेली. वहिनींच्या भावाने ती ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उघडली, आणि ब्राउझरच्या वरच्या पट्टीत त्याला पत्ता दिसला : ‘सासरेबुवांनी-दिलेला-मार्’. पाय मोडलेल्या र-सकट.

त्या रविवारी सासुरवाडीची मंडळी चिंचवडला आली होती, आणि त्यांच्यापुढे वसंतराव कागद-पेन घेऊन हिशेब मांडत होते. पत्त्याच्या या भागाला दोनशे जागा. देवनागरी अक्षर तिथे जसंच्या तसं बसत नाही, त्याचं सांकेतिक रूप होतं. टक्क्याचं चिन्ह आणि पुढे दोन रोमन खुणा, असं तीनदा, म्हणजे एकाला नऊ जागा. आणि अक्षर म्हणजे नुसतं अक्षर नव्हे. काना वेगळा, मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा, पाय मोडला तर त्या मोडण्याच्याही नऊ. “सासरेबुवांनी, बारा. दिलेला, सहा. अठरा झाले. म, काना, र, आणि पाय मोडला. बावीस! बावीस नव्वे एकशे अठ्ठ्याण्णव, अधिक दोन आडव्या रेघा, दोनशे! पुढे जागाच नाही!” हिशेब बिनचूक होता. मेव्हण्याने एवढंच विचारलं, की सल्ला हा शब्द आधी घालता आला नसता का.

पुढचं मी आटपतं घेतो. वसंतरावांनी सगळे पत्ते रोमन करायचं ठरवलं, एकेक लेख न उघडता थेट डेटाबेसात शिरून केले, त्यामुळे जुन्या सगळ्या लिंका मेल्या, म्हणून जुन्याकडून नव्याकडे पाठवणारा प्लगइन आणला. त्याची एक ओळ उलटी पडल्यामुळे जुना पत्ता नव्याकडे आणि नवा जुन्याकडे धाडू लागला, आणि शेवटी ब्राउझर कंटाळला. ‘दिलगिरी’ या विषयावरचा दुसरा लेख तो हा.

लिहिणं टाळायला माणसं काय काय करतात ते आपण पाहतो. चहा करतात, टेबल आवरतात. वसंतरावांचं तसं नाही, आणि त्यांना टाळाटाळ करणारा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. नवी लाइन टाकली की मंत्री येतात, नारळ फुटतो, कोनशिलेवर नाव लागतं. ती लाइन पुढची तीस वर्षं पावसापाण्यात चालू ठेवणाऱ्याला कुणी नावाने ओळखत नाही. लोकांना तो आठवतो तो वीज गेल्यावरच. वसंतराव या दुसऱ्या जातीचे. लेख लिहिणं म्हणजे नारळ फोडणं, ते कुणीही करेल. आपलं काम त्यानंतरचं, असं ते मनापासून मानतात. यंत्राने स्वतःची दुरुस्ती स्वतः करणं त्यांना म्हणूनच खपत नाही. पूर्वी साइटचं रूप ठरवणाऱ्या थीमच्या फंक्शन्सच्या फायलीत एखादा अर्धविराम राहिला की सबंध साइट पांढरीफटक व्हायची, आणि चूक कुठे आहे याचा मागमूस नसायचा. एकदा तर कुणीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवलेला कोड त्यांनी चिकटवला. वाटेत कुठेतरी त्यातली सरळ अवतरणचिन्हं वळणदार झाली होती. डोळ्यांना फरक दिसत नाही, पीएचपीला दिसतो. ते दोन दिवस वसंतरावांच्या आयुष्यातले सोन्याचे होते. २०१९ मध्ये वर्डप्रेसने सोय केली, की असा घोटाळा झाला तर मालकाला ईमेल जातं, चूक कुठल्या प्लगइनमध्ये आहे ते सांगतं आणि आत शिरायला वाटही देतं. वसंतरावांनी ते ईमेल मला वाचून दाखवलं, आणि म्हणाले, “फॉल्ट कुठे आहे ते त्यानेच सांगायचं, तर लाइनमनने खांबावर चढायचं कशाला?”

आकडेवारी. साइटवर रोज किती जण आले ते मोजणारा प्लगइन पहिल्या वर्षापासून आहे. आकडा चाळीस-पन्नासच्या घरात असे आणि वसंतराव समाधानी असत. एक दिवस त्यांच्या लक्षात आलं, की आपण स्वतः दिवसभर साइट उघडून पाहतो, तेही यात धरलं जातंय. हे त्यांच्या तत्त्वात बसेना. त्यांनी स्वतःच्या जोडणीचा क्रमांक वगळणारी ओळ घातली. आकडा अकरावर आला. मग गूगलची आणि इतरांची यंत्रं वगळली. तीन. तिसऱ्या दिवशी विचारपूस करून माझा क्रमांक वगळला, कारण मी ‘तपासणीसाठी’ येतो, वाचायला नव्हे. त्या संध्याकाळी पडद्यावर एक आडवी सपाट रेघ होती. मला वाटलं, आता काय बोलावं. वसंतराव रेघेकडे पाहत म्हणाले, “आता रीडिंग करेक्ट आहे.”

ल-च्या पायी अर्धा पावसाळा गेला. काही फॉन्टांच्या पोटात दोन-दोन ल आणि दोन-दोन श असतात, एक हिंदी वळणाचा, एक मराठी. पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये सांगितलेलं असेल तर मराठी वळण बाहेर येतं, नाहीतर हिंदी. वसंतरावांच्या थीमच्या कर्त्याने पानाची भाषा इंग्रजी अशी ठोकून ठेवली होती. हे शोधून काढायला श्रावण उजाडला. बदल दोन अक्षरांचा होता. त्या रात्रीच्या फोनवर मी त्यांचा ‘लाइनमनच्या आठवणी’ हा लेख उघडून ल पाहत बसलो होतो, आणि खरं सांगायचं तर ल फार देखणा आला होता. “वाचलात?” असं त्यांनी विचारलं नाही, मीही विषय काढला नाही.

बाकीचं किरकोळ. २०१८ च्या डिसेंबरात वर्डप्रेसने लेख लिहायची जागा पार बदलून तिथे गुटेनबर्ग आणलं, परिच्छेदागणिक वेगळा ठोकळा. जुनीच जागा परत देणारा प्लगइनही निघाला आणि तो पन्नास लाखांवर साइटींवर चालतो, हे कळल्यावर वसंतरावांना एकदम माणसांत आल्यासारखं वाटलं. पीएचपीची आठवी आवृत्ती आली तेव्हा जुन्या आवृत्तीतली काही फंक्शन्स कायमची गेली, आणि कर्त्याने कधीच वाऱ्यावर सोडलेला त्यांचा पंचांगाचा प्लगइन कोसळला. तो त्यांनी दत्तक घेतला. वहिनींच्या बहिणीने एकदा लेखाखाली मनापासून चार ओळी लिहिल्या होत्या. त्या स्पॅम म्हणून अडवल्या गेल्या, आणि औषधांची जाहिरात करणारे एक परदेशी गृहस्थ मात्र ‘फारच उपयुक्त लेख’ म्हणून आत आले.

एकदा मात्र खरंच संकट आलं. होस्टिंगवाल्याने साइट एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवली. कुठेतरी अक्षरांची जुनी पद्धत राहून गेली, आणि सकाळी पाहतात तो सगळा मजकूर प्रश्नचिन्हांचा. ज्या अकरा लेखांविषयी कुणी कधी एक प्रश्न विचारला नव्हता, त्यांत प्रश्नचिन्हांशिवाय काही उरलं नव्हतं. प्रश्नचिन्हांतून अक्षरं परत काढता येत नाहीत. पण वसंतराव शांत होते. त्यांचा बॅकअप रोज रात्री निघतो आणि तीन ठिकाणी राहतो. एक होस्टिंगवाल्याकडे, एक पेनड्राइव्हवर (तो वहिनींच्या पाटल्यांच्या डब्यात असतो), आणि एक माझ्या ईमेलमध्ये.

या तिसऱ्या ठिकाणामुळे मला पुढचं सांगता येतंय. एका गुरुवारी वीज होती, काम नव्हतं, आणि मी त्यातली एक झिप फाइल उघडून आत काय आहे ते पाहत बसलो. अकरा लेखांचा मजकूर एका कोपऱ्यात होता, चिमूटभर. बाकी सगळा कोड. त्यात त्यांच्या चाइल्ड थीमची रंग, समास, अक्षरांचे आकार ठरवणारी स्टाइलची फाइल होती. कोड लिहिणाऱ्यांची पद्धत असते, की कुठली ओळ कशासाठी आहे याची टीप शेजारी तिरप्या रेघा आणि ताऱ्यांच्या मध्ये लिहून ठेवायची. यंत्र ती ओलांडून पुढे जातं. वसंतरावांच्या टिपा मराठीत आहेत.

‘ही ओळ काढू नये. का, ते आठवत नाही. पण काढू नये.’

‘समास १४. बारा केला की ही म्हणते अंगावर आल्यासारखं वाटतं. बरोबर आहे.’

‘येथून पुढे तिघांचे हात लागले आहेत : थीमचा कर्ता, मी, आणि २०१६ सालचा मी. तिसऱ्यावर विश्वास ठेवू नये.’

‘हा हिरवा आमच्या पहिल्या सबस्टेशनच्या दाराचा. तीन वेळा बदलला, नेमका जमत नाही. दाराला गंज होता आणि त्यावर सकाळचं ऊन यायचं. मामा वायरमन दाराशी बसून डबा खायचे. गंजाचा कोड मिळत नाही.’

‘आईच्या लेखाखालची रेघ. एक पिक्सेल. तिला जाड काठ आवडत नसे.’

अशा टिपा शंभराच्या वर आहेत. मी जेवायला उठलो नाही. अकराच्या अकरा लेखांत मला न भेटलेले वसंतराव तिथे होते, नाव नाही, शीर्षक नाही, कुणी पाहील अशी अपेक्षा नाही. संध्याकाळी पाच वाजून गेल्यावर मी त्यांच्याकडे गेलो आणि साइट उघडून ती स्टाइलची फाइल ब्राउझरमध्ये शोधायला लागलो. फाइल मिळाली. टीप एकही नव्हती. सगळा कोड एकाच लांबलचक ओळीत सलग गच्च भरलेला.

“टिपा कुठे गेल्या?” मी विचारलं.

“त्या वाचकापर्यंत जातच नाहीत,” वसंतराव म्हणाले. “मिनिफायचा प्लगइन आहे ना. मोकळ्या जागा, टिपा, फालतू सगळं गाळूनच पुढे सोडतो.”

“अहो, पण ते इतकं चांगलं लिहिलंय! ते गाळता कशाला?”

वसंतरावांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं.

“बावीस केबी वाचतात,” ते म्हणाले.